शिट्टीची घडी

ओटाउटाउ,
९ मार्च

प्रिय फर्गस,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. रोअना आणि ग्रिअरलाही. ग्रिअरला वाढदिवसाचं कार्ड मिळालं असेल. त्यावर मी काढलेली मेंढी आहे, ससा नाही, एवढं लेकीला सांग.

पत्रास कारण असं विशेष काही नाही. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. रविवारी चर्चसाठी आम्ही दोघींनी चीज रोलचे ढीग लावले आणि अर्धे तिनेच नावं ठेवत खाल्ले. बाबांच्या खुर्चीत अजून कोणी बसत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना? तू ‘काय?’ म्हणालास, मी ‘काय?’ म्हणाले, तू पुन्हा ‘काय?’. शेवटी आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "दोघं मिळून एक वाक्य पुरं करत नाही तुम्ही." आणि मोबाईलवर अंगठ्याने टाइप करून सांगावं अशी ही गोष्ट नाही. म्हणजे गोष्ट अशी काही नाहीच.

यंदा कुत्र्यांच्या स्पर्धेला ट्विगला नेलं होतं. तुला आठवेल, बाबांच्या अंत्यविधीला तुझ्या बुटावर बसून राहिलेली काळी-पांढरी कुत्री. टेकडीवरून तीन मेंढ्या खाली आणायच्या आणि वर्तुळात उभ्या करायच्या, एवढंच काम. मी ‘थांब’ची शिट्टी दिली, ती चालत राहिली. पुन्हा दिली, ती आणखी पुढे. मेंढ्या उधळल्या आणि सगळ्या तालुक्यासमोर माझी शोभा झाली. घरी येताना गाडीत मी त्या मुक्या जिवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिला टामाकडे सोडून आले. टामा पोटिकी, पलीकडच्या फार्मवरचा. "घे हिला," म्हटलं. "हिचे कान गेलेत."

काही दिवसांनी टामा आमच्या फाटकात उभा.

"कुत्री सोनं आहे," म्हणाला. "माझ्या शिट्टीवर खिळा ठोकल्यासारखी थांबते."

"मग मी काय घोडं मारलंय तिचं?"

"वाजव बघू तुझी."

वाजवली. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मोराग, ही ‘थांब’ नाही. ही ‘हळू पुढे ये’ आहे. तुझा सूर खाली घसरलाय. ती बिचारी सांगितलं तेच करत होती."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. माझी मलाच इतकी लाज वाटली की चहाही विचारला नाही त्याला.

तर इन्व्हरकार्गिलला जाऊन कान तपासून आले. वरचे सूर गेलेत. मशीनवरच्या मुलीने विचारलं, "लोकर कातरायच्या शेडमध्ये काम केलंय?" म्हटलं, पंधराव्या वर्षापासून. "मग झालं," म्हणाली आणि लिहायला लागली. बाबांचेही कान शेडनेच घेतले असं सांगताना मी सहज जीन आत्याचं नाव काढलं. आत्या शिवण शिकवायची, जन्मात शेडमध्ये गेली नाही, आणि ठार बहिरी. आजोबांचे कान तोफांनी गेले म्हणतात, आत्याचे तापाने, बाबांचे शेडमधल्या इंजिनांनी. आपल्या घरात प्रत्येक बहिऱ्याला एकेक कारण वाटून दिलेलं आहे. ती मुलगी लिहायची थांबली. मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे धाडलं, त्यांनी माझं रक्त घेतलं. आत्याचंही घेतलंय. आत्या म्हणाली, "घ्या, मला तरी त्याचा काय उपयोग होतोय."

आता उगाच काळजी करू नकोस. तूही एकदा सवडीने कान दाखवून ये, इतकंच.

आणखी एक. अंत्यविधीनंतर शेडच्या दारातल्या त्या पांढऱ्या रेषेकडे बघून तू म्हणालास, "मोरागला आत घेतलं, मला कधी ह्याच्या पलीकडे येऊ दिलं नाही त्यांनी." ती रेषा कशासाठी होती ते मलाही खरंच माहीत नाही. चहाची टोपली घेऊन त्या रेषेवर उभा राहिलेला तू मला दिसतोस अजून.

तुझी,
मोराग


ओटाउटाउ,
४ मे

प्रिय फर्गस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. बोटींचा हंगाम असेल, रेडिओ सोडून उठता येत नसेल, समजू शकते.

टामाने बेटावरून आणलेले टीटी पक्षी दिले. आईने उकळले, घरभर तो वास, आणि आई खूश. ट्विग परत आली आहे. माझ्याकडे बघते आणि तोंड फिरवते. तिचं बरोबर आहे.

आनंदाची बातमी आधी सांगते. रक्ताचा निकाल आला, दोष सापडला नाही. कानासाठी लागणारी जी काही जनुकं आहेत ती सगळी वाचली, सगळी ठाकठीक. आईने त्या दिवशी स्कोन केले आणि वर जॅमचा डोंगर. मीही दोन दिवस हवेत होते. शेड तर शेड, म्हटलं. शेडचं दुखणं निदान पोरांकडे तरी जात नाही.

मग डॉक्टरांचा निरोप आला. सेफिना त्यांचं नाव, सामोआच्या, उंच, मोठ्या हसणाऱ्या. त्यांचं म्हणणं, "आम्ही जे वाचलं ते शुद्ध आहे. पण तुमची आत्या माझ्या डोक्यातून जात नाही. मला जरा आणखी बघू द्या." तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. कुंपणाची तार ओढताना, भांडी घासताना, कधीही तेच आठवतं आणि हातातलं काम राहून जातं. माझ्यासाठी नाही रे. मी म्हातारपणाकडे झुकलेली बाई, मेंढ्यांशी बोलायला कान लागत नाहीत.

गेल्या आठवड्यात बातम्यांत तुमच्या नेल्सनच्या बाहेर समुद्रात एक बोट उलटल्याचं दाखवलं. खालची अक्षरं वाचली. माणसं सुखरूप निघाली. तेव्हा किनाऱ्यावरच्या रेडिओवर तूच होतास का? त्यांनी हाक मारली तेव्हा तुला एका झटक्यात कळलं का?

बघ, लिहिलं शेवटी. दोन महिने हेच लिहायचं टाळतेय.

अंत्यविधीला मी तुझ्या शेजारी होते. तू पाद्रीबाबांच्या ओठांकडे बघत होतास. ते शवपेटीकडे वळले की तू प्रार्थना मध्येच थांबवायचास, आणि त्यांनी तोंड आपल्याकडे केलं की पुन्हा धरायचास. लोकांना वाटलं तुझा गळा भरून येतोय. आईलाही तसंच वाटलं. मला कसं कळलं विचारशील तर मीही तेच करत होते.

तेव्हा काही बोलले नाही. बाबांच्या पेटीसमोर भावाला काय विचारायचं? आणि मग तू रेषेचं बोललास, रोअनाने गाडी सुरू केली, आणि तू गेलास. नंतर किती वेळा तोंडाशी आलं आणि गिळलं. फर्गस, तुझं कामच ऐकायचं आहे. भर वाऱ्यात कोणी बोटीचं नाव सांगतो, कुठे आहोत ते सांगतो, एकदाच सांगतो कधी कधी. त्यातलं एक अक्षर जरी तुझ्या हातून निसटलं तर तू स्वतःला जन्मभर माफ करणार नाहीस. मी ओळखते तुला. तू मेलेल्या कोकरासाठी आठवडाभर न जेवणारा मुलगा.

कान तपासून घे. डॉक्टरांचा निकाल येवो न येवो, तू तुझे कान तपासून घे. एवढं एक ऐक माझं.

वाट बघणारी,
मोराग


ओटाउटाउ,
२० जून

फर्गस,

आज आशीर्वाद वगैरे शेवटी. सापडलं.

डॉक्टर सेफिनांनी मला समोर बसवलं, तोंड माझ्याकडे ठेवलं आणि सावकाश बोलल्या. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. आपल्या पेशींमध्ये आरएनएच्या लांब पट्ट्या तयार होतात. त्यातल्या काही स्वतःवरच दुमडतात, केसांत खोचायच्या आकड्यासारख्या, दोन पाय शेजारी शेजारी. मग कापणारे येतात आणि त्या आकड्यातून एक बारीकसा तुकडा कापून काढतात. तो तुकडा मुकादमासारखा. बाकीच्या जनुकांना दटावतो, तू आता गप्प बस, तू हळू चल. कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या पेशींना असा मुकादम लागतो. तो कमी पडला की त्या नीट वाढत नाहीत आणि वाढल्या तरी टिकत नाहीत.

"पहिल्या वेळी आम्ही मुकादमालाच तपासलं," त्या म्हणाल्या. "तो निर्दोष आहे. चूक आकड्याच्या दुसऱ्या, समोरच्या पायावर निघाली. एक अक्षर बदललंय, तुमच्यात आणि तुमच्या आत्यात, दोघींमध्ये तेच."

"समोरच्या पायाचं काय काम असतं?"

"बहुतेक काही नाही. कापून झालं की तो टाकूनच दिला जातो."

"टाकून द्यायच्या भागात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर बिघडलं कुठे?"

"कापणारा अक्षरं वाचत बसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो आकार चाचपतो. त्या एका अक्षरामुळे दोन पाय तिथे जुळत नाहीत, मध्ये फुगवटा येतो. आकार हाताला नीट लागला नाही की कापणं राहून जातं. तुकडा तयार होतो, पण फार कमी."

मी खिशातून बाबांची शिट्टी काढली. तंबाखूच्या डब्याचा पत्रा दुमडून त्यांनी केलेली, मधोमध भोक, तीच. अंगठ्याच्या नखाने तिची घडी किंचित सैल केली आणि जोर लावून फुंकली. मला तसंही ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून कळलं की नुसती हवा गेली. पत्रा तोच, भोकही तेच.

"अगदी हेच," त्या म्हणाल्या, आणि शिट्टी हातात घेऊन तिची घडी बोटाने चाचपून बघितली. त्यांनी दोन्ही घड्या प्रयोगशाळेत करून पाहिल्या होत्या, सरळ आणि आपली. आपल्या घडीतून मुकादम अगदी थोडे निघाले. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात म्हणे, आपली दुसरी प्रत धड आहे, म्हणून तरुणपणी भागतं आणि मग हळूहळू उतरत जातं.

थोडक्यात, तोफा नाहीत, ताप नाही, शेड नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही तीन पिढ्या.

घरी येऊन आईला सांगितलं. "ओरडू नकोस," ती म्हणाली, "ह्या घरात मला एकटीलाच ऐकू येतं." मग तिने हातातला टॉवेल घडी करून ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली.

"म्हणजे शेडमुळे नाही?"

"नाही."

"एवढं त्या माणसाला जिवंतपणी कळलं असतं तर," म्हणाली आणि खाली बसली.

मग तिने जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं, देवाशपथ. मी शेडमध्ये जायला लागले त्याच सुमारास बाबांना स्वतःचे कान जाताना कळायला लागले. पुढे माझं ‘काय? काय?’ सुरू झालं तेव्हा त्यांनी मनाशी धरलं की पोरीचे कान मी खाल्ले. तू लहान होतास. एका सकाळी ते रंगाचा डबा घेऊन गेले आणि दारात रेषा ओढली. आई म्हणाली, "त्याला घरात एक तरी धड कानाची जोडी ठेवायची होती." म्हणून तुला टोपली घेऊन रेषेवर थांबवायचे, म्हणून शाळेला लांब ठेवलं, आणि म्हणून फार्मचं नाव तुझ्यापाशी कधी काढलं नाही. मी विचारलं, मग बाबांनी फर्गसला सांगितलं का नाही? तर आई म्हणाली, "सांगितलं असतं तर तुझं काय केलं तेही सांगावं लागलं असतं. ते त्याच्या तोंडून निघत नव्हतं."

फर्गस, मी गोठ्यात जाऊन रडले. माझ्यासमोर ते कायम असे का वागायचे, मी ‘काय?’ म्हटलं की खोलीतून उठून का जायचे, ते मला आता कळलं. मला वाटायचं त्यांना माझा कंटाळा येतो. माझे कान त्यांनी घेतले नव्हते रे. आणि तुझे वाचवायला त्यांनी तुला गमावलं, आणि त्या रेषेने काहीच अडवलं नाही, कारण जे यायचं ते तू जन्मताच घेऊन आला होतास. आला असशील. नाणं उडवल्यासारखं आहे म्हणतात, अर्धी शक्यता. मी अजूनही आशा करतेय की तुझं नाणं दुसऱ्या बाजूला पडलं असेल आणि त्या दिवशी खरंच तुझा गळा भरून आला असेल.

पण मी बघितलंय.

ग्रिअरचं आत्ताच काही ठरवायला नको, डॉक्टर म्हणाल्या. लवकर कळलं तर यंत्र लवकर लावता येतं, शिल्लक आहे ते जपता येतं, एवढंच. तिचं तू आणि रोअना बघा. मला तुझं सांग. हेडफोन काढून ठेव आणि कान तपासून घे. हे पत्र तू फाडलंस, मला शिव्या घातल्यास, पुन्हा कधी दारात आला नाहीस, तरी चालेल मला. एखाद्या बोटीवरचा कोणी तुला हाका मारत राहिला आणि तू ‘काय?’ म्हणत बसलास असं होऊ देऊ नकोस.

आशीर्वाद. नेहमीपेक्षा जास्त.

तुझी बहीण,
मोराग


नेल्सन,
११ जुलै

प्रिय मोराग,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं तेव्हाच कळलं होतं तू कुठे चालली आहेस. म्हणून उत्तर दिलं नाही. भित्रा म्हण हवं तर.

रेडिओवर एक सोय आहे. समोरच्याने काही सांगितलं की आपण ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं आणि मग त्याचंच त्याला वाचून दाखवायचं. नियमच आहे तसा. गेले दोन हिवाळे मी त्या नियमावर काढले. मच्छीमार आपापसात म्हणायचे, फर्गससारखा काळजीपूर्वक माणूस किनाऱ्यावर नाही, दोनदा ऐकल्याशिवाय लिहीत नाही. एका ख्रिसमसला त्यांनी मला त्याबद्दल व्हिस्कीची बाटली दिली. ती अजून उघडली नाही मी.

ती बोट उलटली तेव्हा मीच होतो. नाव तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. माणसं वाचली, खरं आहे. त्यानंतर मी धड झोपलो नाही. बोटीचं तुला बातम्यांतून कळलं आणि तू थेट तेच विचारलंस, तेव्हा तुझा असा राग आला की पत्र चुलीत घालणार होतो. रोअनाने हातातून घेतलं आणि वाचलं. म्हणाली, "मला वाटायचं तुला माझ्याशी बोलायचं नसतं." किती दिवस तसं वाटत होतं तिला, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

गेल्या गुरुवारी कान तपासले. तुझ्याहून थोडे बरे आहेत, पण आहेत तुझेच. रक्तही दिलंय. निकाल यायचाय, पण तो काय येणार ते तुला आणि मला माहीत आहे. हेडफोन त्याच दुपारी कायमचा काढून ठेवला. आता गोदीवर जाळी आणि इंधनाचं बघतो. तिथे सगळेच ओरडतात, मी खपून जातो.

ग्रिअरला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. बराच विचार करून म्हणाली, "म्हणजे मीपण मोरागआत्यासारखी मोठ्याने बोलणार?" म्हटलं, कदाचित. "चालेल," म्हणाली. आणि कार्डावरचा तो ससाच आहे असं तिचं ठाम मत आहे.

आता बाबांचं. तू लिहितेस रेषेने काही अडवलं नाही. इथल्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, शेडचा गोंगाट वरून पडला असता तर आहेत तेवढेही राहिले नसते बहुधा, खात्रीने कोणी सांगू शकत नाही. मी त्यातलं मला हवं तेवढं घेतलं. एवढी वर्षं बोटींच्या हाका ऐकल्या, त्या बाबांच्या खात्यावर लिहितो. मी मात्र एवढी वर्षं त्यांना काय काय म्हणत आलो ते आठवलं की बसवत नाही.

कोकरं व्हायच्या दिवसांत आम्ही तिघं येतोय. आईला स्कोन करायला सांग. आणि शेडला रंग द्यायचा तुझा विचार असेल तर थोडा थांब. ती रेषा पुसू नकोस. मला एकदा ती ओलांडून आत यायचंय, टोपली न घेता. तू आत उभी राहा, माझ्याकडे तोंड करून, म्हणजे तू काय म्हणतेस ते मला कळेल.

तुझा,
रेषेवर थांबलेला,
फर्गस